घराचं काम काढलंय: आधी भिंतीच्या आतलं की बाहेरचं?

कवडसा

सात आठवडे झाले, घराचं काम चालू आहे. घर ३५ वर्षांचं. सुरुवातीला यादी अगदी आटोपशीर होती: न्हाणीघराच्या लाद्या बदलायच्या, स्वयंपाकाचा ओटा थोडा उंच करायचा, सगळीकडे नवा रंग द्यायचा आणि मग सावकाश फर्निचर.

गवंड्याने न्हाणीघरातली पहिली लादी उचकटली आणि मागचा गिलावा ओल्या वाळूसारखा हातात आला. आतली लोखंडी नळी कापून दाखवली त्याने. बाहेरून चांगली दोन बोटं जाड, आतून गंजाने इतकी भरलेली की पेन्सिलसुद्धा जाईना. ती बदलायची तर ओट्यामागचीही बदलायला हवी. तिथे झिरी मारली, म्हणजे भिंतीत नळीसाठी खाच पाडली, तर जुन्या वायरी दिसल्या. हात लावला की वरचं आवरण पापुद्र्यासारखं सुटतं. थोडक्यात, फर्निचरसाठी बाजूला ठेवलेले पैसे आता भिंतीत चाललेत.

नवऱ्याचं म्हणणं, दिवे लागतायत, पंखे फिरतायत, वायरिंगचं पुढच्या वर्षी बघू. आत्ता पलंग, कपाटं, सोफा घेऊन टाकू, म्हणजे घर घरासारखं दिसेल. त्याचंही चुकत नाही. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि सात आठवडे आम्ही पाच माणसं दोन खोल्यांत सामानाच्या ढिगात राहतोय. पण माझं मन वायरिंगपाशीच अडकलंय. रंग झाल्यावर पुन्हा भिंती फोडायच्या, या विचारानेच पोटात गोळा येतो.

ज्यांनी हे पार पाडलंय त्यांनी सांगा. पैसे आणि अंगातली ताकद दोन्ही मोजकी असताना आधी काय करावं? आणि नंतर कशाची चुटपुट लागली?

धाकटा सहा वर्षांचा आहे. काल सगळीकडची धूळ बघून विचारतो, "आई, आपल्या घराला सर्दी झालीय का?"

ओळंबा

वायरिंग. यात दुसरा विचार नको.

बांधकामात ३० वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. आवरण सुटलेली वायर म्हणजे दिवे लागतायत तोवर लागतायत. ही वायर टाकली तेव्हा घरात दोन-चार दिवे, पंखे आणि एखादी इस्त्री असेल. आज त्याच वायरीवर वॉशिंग मशीन, गीझर, एसी, ओव्हन. वायर तापते, आवरण कडक होतं, मग तडकतं. नवीन करताना जड उपकरणांना वेगवेगळी सर्किटं, अर्थिंग तपासून घेणं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, एवढं घ्याच. जादा भार आला की पडणारा एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. न्हाणीघरात ओल्या हाताने बटण दाबणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं.

कामाचा क्रम असा ठेवा. तोडफोड, मग नळ आणि वायरींच्या झिऱ्या, नळ्यांची दाबाची चाचणी, गिलावा, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, फरशी, मग पुट्टी आणि रंगाचा पहिला हात, सुतारकाम, आणि रंगाचा शेवटचा हात अगदी शेवटी. हा क्रम उलटा झाला की एकाच कामाचे पैसे दोनदा जातात. नवीन गिलाव्यावर रंगाची घाई करू नका. किमान सात दिवस पाणी मारा, नंतर तो नीट वाळू द्या. मी चार आठवडे धरतो. भिंतीत पाणी असताना रंग दिला तर त्याला फोड येणारच.

मुक्कामपोस्ट

ओळंबाकाकांना अनुमोदन, आणि त्यात एक भर. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. नुसते नकोत, मोजपट्टी भिंतीला लावून काढा. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती.

आम्ही काढले नव्हते. रंग होऊन तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोटो लावायला ड्रिल मारलं आणि भिंतीतून पाण्याची धार. मी अंगठा लावून उभा, बायको मुख्य कॉक शोधतेय, तो कॉक नव्या कपाटाच्या मागे! कॉक कुठे आहे हेही घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. मुलांनासुद्धा.

निवांत_कट्टा

माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून मांडतेय.

आम्ही सगळं 'आतलं' आधी केलं. नळ, वायरी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खिडक्या. ते संपलं तेव्हा पैसेही संपले. पुढची दोन वर्षं आम्ही जमिनीवर गाद्या टाकून झोपलो. जेवायला, लिहायला टेबल नाही, मुलीचा अभ्यास खाटेच्या पाट्यावर. सासऱ्यांना जमिनीवरून उठताना रोज कुणीतरी हात द्यावा लागायचा. ते कधी बोलले नाहीत, पण उठताना तोंड फिरवायचे ते मला दिसायचं. आज तो नळ्यांचा उत्तम संच भिंतीत आहे, आणि सासरे नाहीत. आधी एक बरा पलंग आणि एक हातांची खुर्ची घेतली असती तर काय बिघडलं असतं?

कवडसाताई, तुमच्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. घराचं वय बघताना त्यांचंही बघा.

ओळंबा

निवांतताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे मला सुचलं नव्हतं. आम्ही लोक इमारतीकडे बघतो, आत राहणाऱ्या गुडघ्यांकडे बघायचं राहून जातं.

वायरिंगवर मी ठाम आहे, पण त्यासोबत पलंग आणि खुर्ची हेही 'आधी'मध्येच धरा. सोफा, टीव्हीचं युनिट, शोभेची कपाटं थांबू शकतात.

पायवाट

ज्येष्ठांचा विषय निघालाय तर हे महत्त्वाचं. न्हाणीघरात आधाराचे दांडे लावणार असाल तर ते आत्ता ठरवा, लाद्या लागण्याआधी. दांड्यावर माणसाचं पूर्ण वजन येतं. भिंत पोकळ विटांची किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर मागून भक्कम आधार द्यावा लागतो, आणि तो गिलाव्याच्या आधीच देता येतो. माझ्या आईसाठी मी नंतर लावला. एका महिन्यात स्क्रू सैल झाले. ती पडली नाही हे आमचं नशीब.

आडवा दांडा जमिनीपासून साधारण ८४ ते ९१ सेंटिमीटरवर. कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच, म्हणजे उठायला सोपं. पण पुस्तकी मापावर जाऊ नका. सासूबाईंना तिथे उभं करा, हात कुठे आपोआप जातो ते बघा आणि तिथे खडूने खूण करा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असेल तर ते उघडतच नाही.

कवडसा

दार आत उघडणारंच लावणार होतो. आत्ता गवंड्याला फोन केला. पायवाट, तुमचे आभार कसे मानू?

निवांतताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

रंधा

सुताराची मुलगी आहे, वडिलांच्या हाताखाली वाढले, त्यामुळे फर्निचरवर जरा लांबण लावते.

पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला), एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला) आणि प्लाय (लाकडाचे पातळ थर चिकटवलेला) यांच्यात सरसकट चांगलं-वाईट नसतं. एमडीएफला रंग सुंदर बसतो, पण पाणी लागलं की ते फुगतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. म्हणून सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा प्लायच. खालच्या कपाटांना पाय लावून घ्या, बूड जमिनीला टेकू देऊ नका. कडा चारी बाजूंनी बंद झाल्या का ते हात फिरवून तपासा. दिसणाऱ्या कडा सगळेच बंद करतात, मागची आणि खालची तशीच सोडतात, आणि ओल तिथूनच शिरते.

पुस्तकांच्या फळीबद्दल: तेवढंच वजन असताना फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा बाक आठपट होतो. म्हणून १८ मिलिमीटरच्या फळीला ७५-८० सेंटिमीटरच्या आत उभा आधार द्यायचा. पाच फुटांची सलग फळी पहिल्या दिवशी फार देखणी दिसते. वर्षभराने बघा.

आणि वास. नव्या बोर्डाचा जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो चिकट्यातल्या फॉर्मल्डिहाइडचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घाबरवायला सांगत नाही. कमी उत्सर्जनाचा बोर्ड मिळतो, तो मागून घ्या. कपाट आल्यावर दारं, खण उघडे ठेवून खोली काही आठवडे वाहती ठेवा, आणि लहान मुलांना लगेच त्या खोलीत झोपवू नका.

चौकट_बारावी

रंधाताई, हे जपून ठेवलं! आता आमची कथा ऐका. सोफा घेतला. बैठकीची खोली मोजली होती, भिंत मोजली होती, गालिचासुद्धा मोजला होता. जिन्याचं वळण मोजलं नव्हतं. सोफा पहिल्या मजल्याच्या वळणावर असा अडकला की वर जाईना, खाली येईना. अर्धा दिवस वरचे शेजारी त्याच्यावर बसून, पाय पलीकडे टाकून ये-जा करत होते. शेवटी त्यांच्यातल्याच एका आजींनी सांगितलं, "अरे, त्याचे पाय काढ." पाय स्क्रूचे होते. आख्खी इमारत हसली आणि सोफा वर गेला.

रंधा

आजींना माझा नमस्कार! माझे वडील म्हणायचे, फर्निचर खोलीत मावण्याआधी दारात मावलं पाहिजे.

सुटं होणारं फर्निचर ही काही आजची कल्पना नाही. थोनेट या युरोपातल्या फर्निचरवाल्याची वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि बोटीने जगभर जायच्या. वडिलांकडे तशी एक दुरुस्तीला आली होती. त्यांनी ती पूर्ण सुटी करून जमिनीवर मांडली आणि आम्हा भावंडांना बोलावून दाखवली. मी आठ वर्षांची असेन. लाकूड असं वाकतं आणि तरी तुटत नाही, हे मला तेव्हा जादूसारखं वाटलं होतं.

अर्धामाळा

मापाचं एक सोपं तंत्र. जे काही घेणार आहात त्याच्या मापाचे जुने पेपर चिकटवून जमिनीवर अंथरा आणि आठवडाभर त्याभोवती वावरा. पलंगाच्या कडेने कपाटाचं दार उघडतं का, ते तेव्हा कळतं. आमच्याकडे आठ माणसांचं टेबल ठरलं होतं. पेपरवर रोज पाय पडायला लागला आणि आम्ही चारच्या घडीच्या टेबलावर आलो. आईने मात्र तो पेपर तुडवायचा नाही असा नियमच केला होता. भावाने तिथून जाताना "टेबलाला लागलं!" म्हणून रोज कळवळायचं नाटक केलं.

कवडसा

हा पेपरचा खेळ मुलांना आजच देते!

ओट्याबद्दल कुणी सांगेल का? गवंडी म्हणतो सगळीकडे असतो तेवढाच ठेवू.

सांडशी

'सगळीकडे असतो तेवढा' हे ऐकू नका. ओट्यापाशी जे माणूस जास्त वेळ उभं राहतं त्याला सरळ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा, कोपराखाली १० ते १५ सेंटिमीटर, ही तुमची उंची. शेगडीचा भाग थोडा खाली घेता आला तर आणखी बरं, कारण भांड्याची उंची वर चढते. मी उंच आहे. वीस वर्षं दुसऱ्याच्या उंचीच्या ओट्यावर वाकून काम केलं आणि पाठ दुखते म्हणून स्वतःलाच दोष देत राहिले. ओटा नऊ सेंटिमीटरने वाढवला, महिन्याभरात फरक पडला.

या बाबतीत मला मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की फार आवडतात. ऑस्ट्रियाच्या वास्तुरचनाकार. १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी स्वयंपाकघर आखलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं. बाई दिवसभरात किती पावलं टाकते, कुठे वाकते, हे मोजून. आगगाडीच्या डब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचाही त्यांनी अभ्यास केला होता. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बांधली गेली.

गवाक्ष

सांडशीताई, मलाही ते आवडतं, पण एक खटकतं. ते एकट्या बाईसाठी आखलं होतं. दुसरं माणूस आत आलं की दोघांनाही हलता येत नाही. शेगडी, सिंक आणि फ्रिज या तीन जागा जोडून जो त्रिकोण होतो, त्याचंही तसंच. तिन्ही बाजू मिळून ४ ते ८ मीटर असाव्यात म्हणतात. तेही एकच माणूस काम करतं असं गृहीत धरून. आमच्याकडे मी चिरतो, बायको फोडणीपाशी, मुलगा भांडी विसळतो. आम्हाला त्रिकोण नको होता, रुंदी हवी होती. ओटा आणि समोरचं कपाट यांत १२० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली आणि भांडणं मिटली. ज्या घरात मदत करणाऱ्याला उभं राहायला जागाच नाही, तिथे मदत कुणी कशी करणार?

सांडशी

हे मात्र अगदी खरं बोललात. माझा मुलगा दारात उभा राहून "काही करू का?" विचारायचा आणि मी "जा, मध्ये येऊ नकोस" म्हणायचे.

दगडीजोतं

थोडं कडवट लिहितो. आमच्या कंत्राटदाराने निम्म्याहून जास्त पैसे आधी घेतले, तोडफोड केली आणि गायब. चार महिने घराला न्हाणीघर नव्हतं. रोज सकाळी बादल्या घेऊन शेजारी. बायकोची नोकरी, मुलाची परीक्षा. फोन उचलायचा नाही, उचलला तर "उद्या माणसं पाठवतो". लोकांनी चांगलं सांगितलं होतं म्हणून कागदावर काहीच केलं नव्हतं. अजूनही कुणाच्या घराचं काम निघालं म्हटलं की मला धडधडतं.

थापी

दगडीजोतं, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच आणि त्याला माफी नाही. मी स्वतः छोटी कामं घेतो. या धंद्यातल्या प्रत्येकाला अशा माणसाची किंमत मोजावी लागते, कारण पुढचं गिऱ्हाईक आमच्याकडेही चोर म्हणूनच बघतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. टप्पा म्हणजे तारीख नव्हे, संपलेलं काम. नळ बसून दाबाची चाचणी झाली, हा एक टप्पा. गिलावा संपला, दुसरा. शेवटचे १० टक्के, राहिलेल्या बारीकसारीक दुरुस्त्यांची यादी संपल्यावर. प्रामाणिक कंत्राटदार याला नाही म्हणत नाही. आणि सगळ्या खर्चावर १५ ते २० टक्के न दिसणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला ठेवाच. जुन्या घरात लादीखाली काय निघेल हे आम्हालाही लादी काढल्यावरच कळतं.

आता आमची बाजूही ऐका. ठरलेली लादी लावून होते आणि घरचे म्हणतात, "फोटोत वेगळी दिसत होती, बदलता येईल का?" दोन दिवस माणसं बसून राहतात. त्यांचा रोज कोण देणार? म्हणून बदल करायचा तर जरूर करा, पण तो लिहा, त्याचे पैसे आणि वाढलेले दिवस त्याच कागदावर लिहा आणि दोघांनी सही करा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

लाद्यांचं निघालंच आहे तर: खोक्यावरचा बॅच नंबर बघून सगळ्या एकाच बॅचच्या घ्या आणि १० टक्के जास्त घ्या. तिरक्या लावणार असाल तर १५ टक्के. उरलेल्या फेकू नका. पुढे एक फुटली तर तशी दुसरी मिळणार नाही. भिंतीची लादी जमिनीवर लावू नका, ती जास्त पाणी शोषते आणि घसरतेसुद्धा. आणि व्हिट्रिफाइड लादी नुसत्या सिमेंटवर नको. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे सिमेंट तिला धरत नाही. तिला चिकटवायचं वेगळं मिश्रण येतं.

दगडीजोतं

थापी, सरळ लिहिलंत, बरं वाटलं.

पाऊणघर

काम चालू असताना त्याच घरात राहणाऱ्यांसाठी: ज्या खोलीत राहता तिच्या दाराला वरपासून खालपर्यंत प्लास्टिक लावा, उंबऱ्यावर ओलं फडकं ठेवा, रोज एकच खोली फोडायची असं ठरवून घ्या. आणि आठवड्यातला एक दिवस हातोडा बंद. आमच्याकडे तो दिवस ठेवला नसता तर आम्ही नवराबायको आज एका घरात राहत नसतो. दाराच्या मुठीवरून आम्ही दोन दिवस अबोला धरला होता. मुठीवरून! खरं कारण मूठ नव्हतंच, तीन महिन्यांत धड झोप नव्हती.

ओळंबा

एक राहिलं. कुणी "ही भिंत काढली की हॉल मोठा होईल" म्हटलं तर गवंड्याच्या शब्दावर काढू नका. भार घेणारी भिंत कोणती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. ठोकून आवाजावरून कळत नाही.

आणि जुन्या घराचा जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली, बऱ्याच देशांत ते त्यानंतरही वापरात राहिलं. ओलं करून घासा, मुलांना लांब ठेवा, खरवडलेला रंग झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. सहा वर्षांच्या मुलासाठी हे सांगतोय.

निळीशाई

रंगाबद्दल माझा अनुभव. छोट्या कागदावरून रंग निवडला, भिंतीला लावल्यावर दुप्पट गडद वाटला. आता मी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो पुठ्ठा खोलीत फिरवते. सकाळी खिडकीपाशी, रात्री दिव्याखाली. दिवेही आधी ठरवा. २७०० केल्व्हिनच्या पिवळसर उजेडात मऊ दिसणारा करडा ६५०० च्या पांढऱ्या उजेडात दवाखान्यासारखा दिसतो.

जुनाखांब

विषयांतर होईल, पण विचारतो. जुन्या फर्निचरचं काय करता तुम्ही सगळे? आमच्या नव्या घरात मुलगा म्हणाला सगळं नवीन घेऊ. सगळं दिलं. आता आईची शिवणाच्या मशीनची पेटी कुठे असेल, हा विचार अधूनमधून येतो.

कवडसा

जुनाखांब, हे विषयांतर नाही. सासूबाईंचं एक सागवानी कपाट आहे, चार खणांचं. नव्या खोलीत ते कुठेच बसत नाही, खालचा खण तर कित्येक वर्षांत उघडलेला नाही. नवरा काढून टाकू म्हणतो. त्या काही बोलत नाहीत, फक्त दिवसातून एकदा त्याच्यावरची धूळ पुसतात.

रंधा

थांबा! काढून टाकू नका, आधी माझं ऐका.

लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. त्यामुळे खण बहुधा उंचीला अडकतो. सगळ्यात वरचा खण पूर्ण बाहेर काढा, मग दुसरा, तिसरा. आता वरून चौथ्याच्या आत हात जाईल. आधी आतलं सामान काढा, कारण पुष्कळदा आतलीच वस्तू वर अडकलेली असते. मग दोन्ही हातांनी मागून सारखा जोर देऊन पुढे ढकला, एकीकडून नाही, नाहीतर तो तिरका होऊन आणखी रुततो. बाहेर आला की बाजूच्या कडा उजेडात धरा. जिथे घासला असेल तिथे लाकूड चकचकीत दिसेल. फक्त तेवढंच बारीक पॉलिश पेपरने घासा. रंधा मारू नका, हवा कोरडी झाली की ढिला पडेल. मग पांढरी मेणबत्ती घेऊन त्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर जोर देऊन घासा. तेल नको, तेलाने धूळ धरते आणि लाकूड ते पितं.

कवडसा

उद्याच करते. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मेणबत्ती माझ्याकडे आहे."

मुक्कामपोस्ट

धागा वर काढतोय. कवडसाताई, तीन आठवडे झाले. कपाटाचं काय झालं? न्हाणीघराचं? आम्ही सगळे ताटकळलोय!

कवडसा

उशिराबद्दल माफ करा, इथे नेटच बंद होतं, वायरिंग चालू होतं ना!

क्रमाने सांगते. वायरिंग पूर्ण नवीन केलं. नवराही पायवाट आणि ओळंबाकाकांचे प्रतिसाद वाचून तयार झाला, पण अट घातली की सासूबाईंचा पलंग आणि हातांची खुर्ची त्याच आठवड्यात यायची. आली. आम्ही बाकीचे अजून गादीवर. सोफा नाही. बैठकीच्या खोलीत पेपरचा सोफा आहे आणि धाकटा त्यावर पाहुण्यांना बसवतो.

न्हाणीघरात लाद्यांआधी ओळंबाकाकांनी सांगितलेली पाण्याची चाचणी केली. निचऱ्याचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरलं, कडेला खडूने रेघ मारली, ४८ तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी रेघ पाण्याच्या वर होती, बोटभर. खालच्यांच्या छतावर टॉर्च मारला तर कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग. तो कोपरा पुन्हा केला, पुन्हा पाणी भरलं. या वेळी मी रात्री दोनला उठून बघून आले. पाणी रेघेला टेकूनच होतं. लाद्या लागल्यावर मुलाने गोटी सोडून उतार तपासला. गोटी जाळीपाशी गेली, चारही कोपऱ्यांतून.

हे आधी केलं नसतं तर मी त्या डागावर लाद्या लावल्या असत्या आणि सोफ्यावर बसून राहिले असते.

थापी

गोटीवाल्याला आमच्याकडे कामावर घेतो, पाठवून द्या!

ओळंबा

रात्री दोनला उठून पाणी बघणारी घरमालकीण ३० वर्षांत भेटली नव्हती. शाबास.

रंधा

आणि कपाट???

कवडसा

रंधाताई, ते सगळ्यात शेवटी सांगायला राखून ठेवलं होतं.

तुम्ही सांगितलं तसं तिन्ही खण काढले. खालच्यात हात घातला तर आत उभी राहिलेली एक लाकडी फुटपट्टी वरच्या पट्टीला अडकली होती. ती आडवी केली आणि खण निघाला. फुटपट्टी नवऱ्याची, शाळेतली, मागे शाईने त्याचं नाव. तो ती हातात घेऊन बराच वेळ तिथेच बसला. सासूबाईंनी कडांना मेणबत्ती घासली, मला हात लावू दिला नाही.

कपाट आता त्यांच्या पलंगाजवळ आहे. त्या भिंतीवर मोठं आरशाचं कपाट यायचं होतं, ते रद्द केलं. खण एका बोटाने सरकतो. सकाळपासून त्यांनी तो किती वेळा उघडलाय, मी मोजणं सोडलं.